लीलाताई आणि शाळेतली कानबाई

ताई,

परवा आपल्या शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही असतात तर पहिल्या भाषणालाच चष्मा काढून पुसायला घेतला असता. वक्ता कंटाळवाणा आहे हे सांगायची तुमची ती रीत होती. एक जण म्हणाले, लीलाबेन शांत स्वभावाच्या होत्या. दुसरे म्हणाले, सोशिक होत्या, कधी आवाज चढवला नाही. मागे दाराशी उभ्या असलेल्या आपल्या रमणभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पंचवीस वर्षं या शाळेत शिपाई म्हणून काढलेल्या माणसाला तुमचा आवाज किती चढतो हे सांगायला नको. गेटबाहेरचा तळलेल्या भुंगळ्या विकणारा लारीवालासुद्धा तुमचा आवाज ऐकून आपली हातगाडी दहा पावलं मागे घ्यायचा.

मलाही बोलायला उभं केलं होतं. मी उभी राहिले, 'ताई आणि मी' इतकं म्हटलं आणि पुढे शब्द फुटेना. चौदा वर्षं तुमच्याशी भांडण्यात गेली. तुम्ही समोर नसताना तुमच्याविषयी एकटीनंच बोलायचं मला जमेना. मग शमीम उठली. तुमची शमीम, युसुफभाऊ पिंजाऱ्यांची. आता कॉलेजात जाते, ओढणी नीट खांद्यावर घेऊन उभी राहते. ती म्हणाली, "मोठ्या बाईंनी माझ्या अब्बांना दाखला दिला नाही, म्हणून मी शिकले." एवढंच बोलली आणि बसली. पाहुण्यांना काही कळलं नाही. दाखला न देणारी मुख्याध्यापिका म्हणजे काय कौतुकाची गोष्ट, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण सबंध सभेत खरं बोललेलं ते एकच वाक्य होतं, आणि घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहायला बसले आहे. शोकसभेत जे बोलता आलं नाही ते बोलते, आणि आपलं अर्धवट राहिलेलं भांडणही पुढे नेते. ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात याचा मला रागही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी परभणीहून इथे गुजराती मुलखात आले तेव्हा मला कानबाई म्हणजे कोण हेही माहीत नव्हतं. पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून आले. वाटलं होतं, शाळा मराठी म्हणजे मुलंही मराठी बोलतील. वर्गात गेले तर अर्धी मुलं अहिराणी बोलत होती, उरलेली हिंदी, आणि मला सगळी 'बेन' म्हणत होती. स्टाफरूममध्ये येऊन मी डोकं धरून बसले. तुम्ही चहाची बशी पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "शैला, पोरांची भाषा समजत नसेल तर त्यांच्या आयांशी बोल. त्या समजावून सांगतील." मी म्हटलं, "मी शिकवायला आले आहे." तुम्ही म्हणालात, "मग आधी शीक." पहिल्याच दिवशी तुम्ही मला गप्प केलंत आणि मी तुमच्यावर जी रुसले ती तीन दिवस. पुढे आपलं ते नेहमीचंच झालं.

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी अहिराणी बोलणाऱ्यांच्या घरी कानबाई बसते, हे मला सातवीतल्या मुलींनी सांगितलं. नारळाला डोळे, नाक, नथ लावायची, चौरंगावर बसवायचं, भोवती केळीचे खांब. रविवारभर घरात गाणी, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन पाण्यावर पोहोचवून येतात. एक दिवसाची पाहुणी. तिच्यासाठी घरात दळलेल्या गव्हाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. दुसऱ्या कुळातला माणूस कितीही जवळचा असो, त्याला रोट नाही. पहिल्या वर्षी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी पोट फुटेस्तोवर वाढलीत, आणि रोटाच्या टोपल्याकडे मी पाहिलं तेव्हा टोपलं सरळ आत नेलंत. मी म्हटलं, "ताई, देवी सगळ्यांची म्हणता आणि रोट मात्र तुम्हा पाटलांचे?" तुम्ही म्हणालात, "देवी सगळ्यांची कोण म्हणालं? कानबाई ज्याच्या त्याच्या घरची." तेव्हा मी हसून सोडून दिलं.

मग तो प्लेगचा भादवा आला. शहर रिकामं झालं. ज्याला जमेल तो गाडीच्या टपावर बसून गावी निघाला, शाळा बंद, मिलचे भोंगे बंद. मी परभणीला गेले, कारण आईनं रडून रडून बोलावलं होतं. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही आणि नानाभाऊ. ते तेव्हा कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाउसमध्ये सुपरवायझर होते, शाळेमागच्या सोसायटीत राहायचे आणि सोसायटीतल्या प्रत्येकाच्या भानगडीत पडायचे. तुम्ही दोघांनी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून कॅप्सूल वाटल्या. नानाभाऊ घरोघरी जाऊन माणसं उठवून आणायचे आणि तुम्ही एकेकाला तुमच्यासमोर गिळायला लावायच्यात. गिळली का बघायला तोंड उघडायला सांगायच्यात म्हणे. त्या दिवसांत नानाभाऊंनी नवस केला. सोसायटीतलं एकही माणूस गेलं नाही, तर कानबाईला याच शाळेत कायमची बसवीन. जिथून औषध मिळालं तिथेच.

एकही माणूस गेलं नाही. आणि पुढच्या श्रावणात नवस फेडायची वेळ आली.

इथून आपलं खरं भांडण सुरू होतं, ताई. हॉलची किल्ली नानाभाऊंना तुम्ही दिलीत. त्या वर्षी पाऊस फार, खाडी सोसायटीत शिरलेली, लोकांच्या खोल्यांत गुडघाभर पाणी. तुमचं म्हणणं, बिचाऱ्यांनी कानबाई बसवायची कुठे? मी म्हटलं, "ताई, ही महापालिकेची शाळा आहे. एकदा द्याल, पुढल्या वर्षी नाही कसं म्हणाल?" तुम्ही म्हणालात, "परभणीच्या वकीलबाई, एका दिवसाचा प्रश्न आहे. नवस काही असो, सोमवारी ती जाणार." माझं नाव तुम्ही त्या दिवसापासून वकीलबाई पाडलंत, ते शेवटपर्यंत सोडलं नाहीत.

रविवारी कानबाई बसली. मी आले होते बघायला, खोटं कशाला बोलू. हॉल इतका सुंदर मी कधी पाहिला नव्हता. ज्या भिंतीवर आपण पाढे लिहून घेतो त्या भिंतीला बायकांनी साड्या लावल्या होत्या. सगळ्यांत मोठी रांगोळी शमीमनं काढली होती, आणि गाणीही तिलाच जास्त येत होती. धरणगावाकडच्या पिंजाऱ्याची पोर ती, लहानपणापासून शेजारच्या आत्याबायांत बसून ऐकलेली. मी मनात म्हटलं, शैला, तू उगाच कटकट करतेस.

सोमवार आला आणि कानबाई गेली नाही.

मंगळवारी सकाळी रमणभाई धावत आले. "बेन, ईंटो आवी गई." गेटच्या आत, निंबाखाली, विटांचा ढीग आणि सिमेंटच्या गोण्या. नानाभाऊ स्वतः दोरी लावून माप घेत होते. ओटा, ओट्यावर छोटी घुमटी, आणि तोवर कानबाई हॉलमध्येच राहील असं ठरलं होतं. कुणी ठरवलं विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांनी." तुम्ही विचारलंत, "सगळ्यांनी म्हणजे कुणी?" ते म्हणाले, "ताई, आता तुम्ही बी असं विचारशाल का? तुम्हाले नवस माहीत शे." तुम्हाला नवस माहीत होता, तीच तर पंचाईत होती. ज्या माणसाबरोबर मरणाच्या तोंडाशी टेबल टाकून बसलात, त्याला तोंडावर नाही म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "ताई, बदलीची भीती वाटत असेल तर मी लिहिते वर ऑफिसला." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी पुढचं वाक्य गिळलं. "कुणाला लिहिशील?" तुम्ही म्हणालात. "त्यांच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला कोणाचा फोटो आहे ते बघितलंयस ना? रोज हार बदलतात." ते खरं होतं. कुठल्या कचेरीत नाही? टेबलाच्या काचेखाली, फायलींच्या कपाटावर, पाण्याच्या माठाशी, सगळीकडे कोणी ना कोणी बसलेलं. तक्रार लिहिणाऱ्या माझ्या पेनालासुद्धा दसऱ्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

त्याच दुपारी युसुफभाऊ आले. त्यांना आपण ओळखत होतो, शाळेच्या सतरंज्या तेच नीट करून द्यायचे. प्लेगच्या आधीच्या दंगलीत ते बायकामुलांना घेऊन गावी गेले होते आणि परत आले ते तुम्ही पत्र धाडलंत म्हणून. शमीम सातवीत होती, आपल्या शाळेतलं शेवटचं वर्ष. ते दाराशी उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "ताई, पोरना दाखला द्या."

तुम्ही अहिराणीतच विचारलंत, "कसाले भाऊ? कानबाईनी भीती वाटस का?"

"कानबाईनी नही वाटत, ताई," ते म्हणाले. "मन्ही पोरनीच तिनी रांगोळी काढी. पन ओटा व्हयना म्हंजे त्याना मोरे लोके बठतीन. दिनभर बठतीन. कोन येस, कोन जास, देखतीन. त्यासनी भीती वाटस."

मी भिंतीला टेकून उभी होते. इतके दिवस मी मोठमोठ्या शब्दांत जे सांगत होते, ते त्या माणसानं जेवढं होतं तेवढंच सांगितलं. देव भिंतीवर आला की त्याच्यापुढे राखण करायला माणसं येतात, आणि मग दारातून कोणी शिरायचं ते ती माणसं ठरवू लागतात.

"दाखला कुठल्या शाळेचा?" तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, "शाळा नही. घरमाच ऱ्हाई." सातवीत असलेली पोर घरी बसणार होती. तुम्ही टेबलाचा खण उघडलात, खालीवर केलात आणि म्हणालात, "भाऊ, शिक्का सापडत नही. रविवारनंतर या." ते मान हलवून गेले. शिक्का तुमच्या पर्समध्ये होता. मला दिसला होता, आणि मला दिसला हे तुम्हालाही दिसलं होतं.

रविवारी सकाळी तुम्ही सोसायटीतल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलंत, पुरुषांना आणि बायकांनाही. मला बजावलंत, "तू बोलायचं नाहीस. तू तोंड उघडलंस की कायदा निघतो आणि कायदा निघाला की नानाभाऊ हट्टाला पेटतील." मी कोपऱ्यात मूग गिळून बसले. कानबाई अजून चौरंगावर होती. आठवडाभरात केळीचे खांब सुकले होते, फुलं काळी पडली होती, आणि बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या हे माझ्याही लक्षात आलं.

तुम्ही उभ्या राहिलात आणि एकच प्रश्न विचारलात. "नानाभाऊ, रोट कुणी खायचे?"

नानाभाऊ म्हणाले, "म्हंजे?"

"म्हणजे कानबाई ज्या घरात बसते त्या घरच्यांनी रोट खायचे. खरं ना? पाटलांच्या कानबाईचे पाटलांनी, चौधरींच्या कानबाईचे चौधरींनी. आता ही शाळेत बसणार. मग शाळा हे तिचं घर. या घरात माझी सगळी मुलं. युसुफभाऊंची शमीम आहे, नागपूरकडच्या वानखेडेंचा मुलगा आहे, त्याच्या घरात तर बुद्धाशिवाय कोणाला हात जोडत नाहीत. पुढल्या श्रावणात एका टोपल्यातले रोट ही सगळी खाणार आणि त्या दिवसापासून ती तुमची भाऊबंद. लग्नाकार्यात, सुतकात, वाटणीत. तयारी आहे का, तेवढं सांगा. मी स्वतः रोट भाजते."

नानाभाऊंनी भाऊबंदांकडे पाहिलं, भाऊबंदांनी पायाच्या अंगठ्याकडे. मला वाटलं, जिंकलात. शाळेला कुळ नाही, कुळ नाही म्हणून रोट नाहीत, रोट नाहीत म्हणून कानबाई नाही. चोख हिशेब. मी मनातल्या मनात तुम्हाला सलाम ठोकला.

आणि तेवढ्यात नानाभाऊंच्या आई, जिजी, भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तं खातीन ना पोरं रोट. पोरं शेतस ती, भूक लागस त्यासले."

ताई, तुमचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही सगळी तयारी करून आल्या होतात, पण म्हातारी हो म्हणेल याची तयारी केली नव्हतीत. बायकांत कुजबुज झाली, कोणी हसलं, नानाभाऊ एकदम ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ओटा दिसायला लागला. एका क्षणात तुमचा युक्तिवाद तुमच्यावरच उलटला होता. देवीच्या नियमानं नाही म्हणायला गेलात आणि देवीच्याच माणसानं त्या नियमाची गाठ सोडून दिली. आता तुम्ही काय म्हणणार होतात? मी पुढे झुकले, बोलणारच होते, तुम्ही हातानं मला खाली बसवलंत.

जिजींचं बोलणं संपलेलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि लेकाकडे वळल्या. "पन तू तिले बसाडी काब ठेवी? सोमवारे धाडनी पडस. आठ दिन व्हई ग्यात, तिना मुखडा देख. आनि नवस तुना शे ना? तं घर बी तुनंच पाहिजे. दुसराना घरमा नवस फेडतस का?"

मराठीत सांगायचं तर, तिला बसवून का ठेवलीस, सोमवारी धाडायची असते; आणि नवस तुझा, मग घरही तुझंच हवं. दुसऱ्याच्या घरात आपला नवस फेडत नाहीत.

नानाभाऊंनी आईकडे पाहिलं, मग कानबाईकडे. मग उठले, चपला काढून चौरंगापाशी गेले आणि कानबाईला म्हणाले, "चाल माय." त्याच सकाळी बायकांनी तिला तापीवर नेलं, सहा दिवस उशिरा. पुढल्या वर्षीपासून ती नानाभाऊंच्या खोलीत बसायला लागली, खाडीचं पाणी असो नसो. विटा आणि सिमेंट पडून होतं, त्यातून त्यांनी स्वतः निंबाखाली हात धुवायचा कट्टा बांधून नळ बसवून दिले. मुलं आजही खाऊच्या सुट्टीत तिथे पाणी उडवतात. आणि युसुफभाऊ सोमवारी आले ते दाखल्यासाठी नव्हते. सतरंज्या घेऊन जायला आले होते. तुम्ही शिक्का टेबलावर उघडा ठेवलात आणि दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी चहाला आपली जुंपली. मी म्हटलं, "ताई, जिजींनी माझाच मुद्दा मांडला. नवस ज्याचा त्याचा, घर ज्याचं त्याचं, शाळा सगळ्यांची. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." तुम्ही म्हणालात, "तू सांगितलं असतंस तर ओट्यावर घुमटी उभी राहिली असती. जिजी अहिराणीत बोलल्या, कानबाईच्या रीतीतलं बोलल्या, म्हणून लागलं. तो माझा मुद्दा." मी म्हटलं, "आणि जिजी रोटावरच थांबल्या असत्या तर? देवीनं हो म्हटलं असतं तर तुम्ही शमीमच्या बापाला काय सांगणार होतात? ताई, शाळेच्या भिंतीवर काय असावं हे देवीला विचारायचंच नाही. तिनं नाही म्हटलं तरी नाही. सरळ सांगायचं, ही जागा सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही." तुम्ही म्हणालात, "लोकांना सरळ पचत नाही, शैला." मी म्हणाले, "तुम्ही लोकांना कमी समजता." त्यावर तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "आणि तू त्यांना ओळखत नाहीस." चार वर्षं आपण हेच बोलत राहिलो, शब्द बदलून. वर्तमानपत्रात कुठे पोलीस चौकीत मंदिर, कुठे बाग तोडून दर्गा, असं काही आलं की तुम्ही कात्रण माझ्यापुढे टाकायच्यात आणि म्हणायच्यात, "हं, वकीलबाई, चालवा."

एकदा मात्र मी तुम्हाला दुखवलं. वादाच्या भरात म्हणाले, "मग वर्गातल्या सरस्वतीचं काय? ती कोणाच्या घरची?" रोज सकाळी चपला बाजूला काढून तिला फूल वाहूनच तुम्ही हजेरी घ्यायच्यात, वडलांनी लावलेली सवय. दोन आठवडे तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. मग दिवाळीच्या सुट्टीत शाळेला रंग लागला. भिंतीवरचं सगळं उतरवलं गेलं. नकाशे परत लागले, घड्याळ लागलं, सरस्वती लागली नाही. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. वानखेडेंचा मुलगा प्रार्थनेच्या वेळी खिडकीबाहेर बघायचा, तो त्यानंतर समोर बघायला लागला. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही पाहिलंच असेल, पण तरी सांगायला हवं होतं.

काल तुमचं कपाट उघडलं. आता ते माझ्या ताब्यात आलंय. दाराच्या आतल्या बाजूला सरस्वती आहे, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी, खाली वाळलेलं फूल. म्हणजे रोज सकाळी कपाटात डोकं घालून तुम्ही खडूचा डबा शोधत असायच्यात, तो खडूचा डबा नव्हता. मी तिथेच खाली बसून रडले. आणि रडता रडता हसूही आलं, कारण कपाटसुद्धा महापालिकेचंच आहे, ताई. पण ते दार उघडल्याशिवाय दिसत नव्हतं, आणि तुम्ही ते कोणासाठी उघडत नव्हतात. इतक्या वर्षांच्या वादात तुम्ही माझं एकही म्हणणं मान्य केलं नाहीत. सगळं परस्पर करून मोकळ्या झालात.

आज दुपारी नानाभाऊ आले. केस पिकलेत. जिजी गेल्यापासून वाकलेत थोडे. कापडात गुंडाळलेली मोठी फ्रेम आणली होती. तुमचा फोटो, शिक्षकदिनाचा, केसांत तो मोगरा घातलेला. चंदनाचा हारही आणला होता. म्हणाले, "शैलाबेन, हॉलमध्ये मधोमध लावू. सकाळी मी स्वतः येऊन उदबत्ती लावत जाईन. पोरांनी ताईंच्या पाया पडून वर्गात जावं."

ताई, मला तो फोटो हवा होता. तुम्हाला काय सांगू किती हवा होता. रोज वर बघितलं की तुम्ही, चष्म्यावरून बघत. हॉलची मधली भिंत रिकामी आहे, खिळासुद्धा तिथे आहे. हो म्हणायला कोणी आडवं येणार नव्हतं, युसुफभाऊंनीही हात जोडले असते. मी तुमच्या पद्धतीनं काहीतरी शोधायला लागले, सुतकाचं, गेलेल्या माणसाच्या फोटोचं, दिशेचं. एखादी रीत सापडली असती. मग मला माझीच लाज वाटली.

मी त्यांना सरळ सांगितलं. "नानाभाऊ, ताई तुमच्या होत्या, माझ्या होत्या. पण भिंत महापालिकेची आहे. जूनमध्ये पहिलीत जे पोर येईल त्याला ताई माहीत नाहीत. आत शिरताना त्यानं कोणापुढे वाकायचं हे तुम्ही मी ठरवायचं नाही. आज आपण ताईंना लावलं तर उद्या दुसरा त्याच्या माणसाला लावायला येईल, परवा तिसरा त्याच्या देवाला, आणि मला कोणालाच नाही म्हणता येणार नाही. भिंत रिकामी आहे म्हणून सगळ्यांना सारखी आहे."

एवढं एका दमात बोलले. कायदा नाही, कानबाई नाही. वाटलं, आता हा माणूस चिडेल नाहीतर रडेल.

नानाभाऊंनी फ्रेम मांडीवर घेतली आणि कापडानं काचेवरचा डाग पुसला. "खरं शे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे असं त्या वक्ताले सांगतं तर, बेन? ओट्याच्या वेळी? रोट नि भाऊबंद कशाले काढं ताईंनी?"

मी म्हटलं, "तेव्हा ऐकलं असतंत?"

त्यांनी मान खाजवली. "कोन जाने," ते म्हणाले. "जिजीनं ऐकलं असतं." मग उठले, फोटो पुन्हा कापडात गुंडाळला आणि विचारलं, "माझ्या घरात लावू ना? ते तं महापालिकेचं नही." मी हो म्हटलं. गेटपर्यंत त्यांना सोडायला गेले. मुलं सुटली होती आणि कट्ट्यावर नेहमीसारखा गोंधळ चालला होता. त्यांच्यातून वाट काढत, फ्रेम छातीशी धरून, ते सोसायटीच्या बाजूला गेले.

मी परत येऊन दोन कप चहा सांगितला. सवयीनं. रमणभाईंनी दोन्ही आणून ठेवले.

लोकांना सरळ पचतं, ताई. निदान आज पचलं. चार वर्षांपूर्वी पचलं असतं की नाही, ते पचायला मधली चार वर्षं आणि तुमचे रोट लागले की काय, हे मला माहीत नाही, आणि ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं. मला वाटतं मी जिंकले. 'नाही जिंकलीस, वकीलबाई' म्हणायला तुम्ही हव्या होतात.

तुमची,
शैला